सामाईक पाठ शाळा उघडल्यावरही चालू ठेवावेत का?

गणिताच्या बाई, इंदूर
मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवणाऱ्या आम्ही तिघी होतो आणि ऑनलाइन वर्ग कसा घ्यायचा, हे एकीलाही ठाऊक नव्हते. पहिला आठवडा तिघींनी एकच पाठ तीनदा आणि सारखाच वाईट घेतला. मग कामे वाटली. पाठ मी घेई. स्वयंपाकघरातल्या दोन उंच डब्यांवर फूटपट्टी आडवी टाकून, कॅमेरा कडेबाहेर राहील असा मोबाइल तिच्यावर ठेवला की खालची वही स्वच्छ दिसे. दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवर शंका पाही, तिसरी गैरहजर मुलांच्या घरी फोन लावी. झूमचा फुकट वर्ग 40 मिनिटांनी आपोआप बंद होई, त्यामुळे पाल्हाळ सुटले. शाळा उघडताच आम्ही ही वाटणी मोडली, ते चुकले असे माझे मत आहे. चित्रित पाठ सर्व तुकड्यांना द्यावा आणि तासिका अडचणींसाठी मोकळी ठेवावी. (अपूर्णांकाच्या एका पाठात माझ्या तोंडून हिंदी ‘हर’ऐवजी घरचा मराठी ‘छेद’ गेला आहे, तो अजून तसाच आहे.)

जुना फळा
बाई, तुमच्या कंसातच माझे उत्तर आहे. समोर वर्ग असता तर ‘छेद क्या होता है?’ असे कोणीतरी त्याच क्षणी विचारले असते. आमच्याकडेही एकाच शिक्षकाचा पाठ सर्व तुकड्यांना गेला. समान हर करण्याची रीत त्यांनी उत्तम सांगितली, पण 1/2 आणि 1/3 यांची बेरीज 2/5 लिहिणारा मुलगा त्यांना दिसलाच नाही. मला तो वहीच्या तिरप्या, अर्ध्या अंधाऱ्या फोटोत दिसला, तेव्हा प्रकरण संपून गेले होते. शिकवणे आणि चूक पकडणे ही दोन माणसांची कामे केली की असेच व्हायचे.

रामबागकर
फळासाहेब, ज्या घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर सकाळी बाहेर पडे आणि रात्री परत येई, त्या मुलाला थेट वर्गाचा काय उपयोग होता? त्याला पाठ मिळाला तो चित्रित होता म्हणूनच. जुलै 2020 मध्ये मध्य प्रदेशात घरूनच शिकण्याचे ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ अभियान सुरू झाले, त्यातही घरचे कोणीतरी मोकळे असेल असे गृहीतच धरलेले होते. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या चमूत फोन लावण्याचे काम माझ्याकडे होते आणि कामाच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. पाठ घेणाऱ्याचे मात्र पालकसभेत नाव झाले.

गणिताच्या बाई, इंदूर
रामबागकर, हे आमच्याकडेही झाले आणि तेव्हा मी गप्प बसले, हे कबूल करते. फळासाहेबांचे म्हणणे निम्मे पटते, कारण चूक वर्गातच पकडली जाते. पण त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ तीच रीत तीन तुकड्यांना तीनदा सांगण्यात जातो. पुढच्या सत्रात भिन्नांचा, म्हणजे अपूर्णांकांचा, पाठ आमची तिसरी मैत्रीण घेईल, सुरुवात 2/5च्या चुकीनेच करील, आणि फोन मी लावीन.