मदत हवी आहे: रूगर १०/२२ मध्ये पुंगळी अडकते

रायफल: रूगर १०/२२ कार्बाइन, १८.५ इंची नळी, मूळची १० काडतुसांची मॅगझिन. अमेरिकेत रेंजवर कागदी टार्गेटसाठीच वापर. दहा-पंधरा गोळ्यांमागे एखादी रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टपुढे (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) उभीच अडकते. काडतुसे .२२ एलआर (लाँग रायफल), गोळीचे वजन ४० ग्रेन, वेग १०७० फूट प्रति सेकंद. मॅगझिन बदलली, फरक नाही. स्प्रिंग बदलू का? शिवाय शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मिटतो, हाही बिघाड का?

प्रतिसाद १
दुसऱ्याचं आधी: बिघाड नाही. मूळ मॅगझिन बोल्ट उघडा धरत नाही, म्हणून ‘मिटला म्हणजे रिकामी’ असं कधीच धरू नका.

स्प्रिंगला इतक्यात हात नको. ही ब्लोबॅक रायफल, बोल्ट मागे ढकलायला पुंगळीचा धक्का तेवढा. काडतूस मंद, त्यात चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) मेण-काजळी, की बोल्ट अर्ध्यातूनच परततो. १२३५ फूटवाली ४० ग्रेनची ५० काडतुसं चालवून बघा. अडकणं थांबलं तर चोर सापडला. तरीही अडकली तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढणारा आकडा) नखाखाली साचलेली घाण टोकदार काडीने काढा. नख बोथट झालं असेल तर बदला.

प्रतिसाद २
१९६४ पासूनची ही रचना, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) मागून बंद. त्यामुळे सफाईची सळई नळीच्या तोंडातूनच जाते, आणि तिथली कड घासली की नेम बिघडतो. दोरीचा ब्रश चेंबरकडून पुढे ओढा.

खोलायचं तर आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. दस्त्याचा स्क्रू सोडवा. सेफ्टीचं बटण बरोबर मधोमध ठेवा, नाहीतर ते लाकडात अडतं आणि लोक उगाच हिसके देतात. दोन आडव्या पिना ढकलल्या की ट्रिगरचा भाग सुटतो. रिसीव्हरच्या मागच्या टोकाला बोल्ट थांबवणारी तिसरी पिन सैल असते, ती टेबलाखाली घरंगळते. खाली टॉवेल अंथरा. जोडताना हॅमर (गोळी झाडताना आदळणारा भाग) चढवलेला हवा, नाहीतर ट्रिगरचा भाग बसत नाही.

धागाकर्ता
नळीही काढू का?

प्रतिसाद २
नको. नळी रिसीव्हरला धरून ठेवणाऱ्या व्ही-ब्लॉकचे दोन स्क्रू ५/३२ इंची ॲलन चावीने सुटतात खरे, पण साफसफाईसाठी गरज नाही. तेल बोल्टवर थेंबभर. जास्त घातलं तर न जळलेली पावडर त्यालाच चिकटते.