आईला घेऊन पावागड पायी जमेल का?

रविवारी वडोदऱ्याहून निघतोय. आई ६३ वर्षांची. रोपवे नकोच म्हणते, गडावरच्या कालिकामातेला पायी जायचंय. गाडी जाते त्या डोंगरमध्यावरच्या माचीहून चढून, दुधिया तळ्याभोवती हिंडून परत माचीला येऊ. झेपेल का तिला?

— नक्की झेपेल. मी सासूबाईंना नेलं होतं. उजाडताच पायऱ्या धरा, नंतर दगड तापतो. त्यांच्या चपलेचा अंगठा पहिल्याच टप्प्यात तुटला, उरलेली वाट माझ्या ओढणीने बांधून चढल्या! बूटच घाला. तळ्याकाठी बसून दशम्या खाल्ल्या की वरच्या पायऱ्यांना बळ येतं.

— नवलखा कोठार चुकवू नका. घुमटांची जुनी धान्यकोठारं, थेट कड्याशी. शेवाळ असेल तर आईंचा हात सोडू नका.

— खूप आभार. बूट आजच इथल्या मांडवी बाजारातून आणतो.