सल्ला हवा आहे: तेझुकांचा 'अग्निपक्षी' कुठल्या क्रमाने वाचू?

मीठभाकर:
नमस्कार मंडळी. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या 'बुद्ध'चे आठही खंड गेल्या पावसाळ्यात वाचून संपवले आणि तेव्हापासून त्यांचाच 'हि नो तोरि', म्हणजे अग्निपक्षी, डोक्यात बसलाय. एका मैत्रिणीकडून इंग्रजी अनुवादाचे पहिले सहा खंड आणि शेवटचा बारावा असे मिळाले. हौसेने उघडले आणि डोकंच गरगरलं. पहिला खंड तिसऱ्या शतकात, दुसरा थेट इ.स. ३४०४ मध्ये. तिसऱ्यात अर्धी गोष्ट चौथ्या शतकातली, अर्धी २५७७ सालातली. चौथा परत मागे, आठव्या शतकातल्या नारा काळात.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. सनावळी सरळ लागली नाही तर मला जेवण गोड लागत नाही. म्हणून वहीत सगळ्या प्रकरणांची सालं लिहून चढत्या क्रमाने लावून ठेवली आहेत. असंच वाचलं तर काही बिघडेल का?

आणखी दोन शंका. बाराव्या खंडात म्हणे 'सुरुवातीच्या कथा' आहेत. सुरुवातीच्या, तर मग शेवटी का? आणि लेक तेरा वर्षांची आहे, माझ्या हातातलं पुस्तक आधी ती पळवते. तिला चालेल का?

तळटीप:
वही मिटा ताई, आणि खंड ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने वाचा. तेझुकांनी हा गोंधळ मुद्दाम घातलाय. झोका थांबत आला की दोन्हीकडे कमी कमी जातो ना, तसा या मालिकेचा आराखडा आहे. पहिलं प्रकरण 'पहाट' भूतकाळाच्या टोकाला, राणी हिमिकोच्या यामाताई राज्यात. दुसरं भविष्याच्या टोकाला. मग तिसरं थोडं अलीकडच्या भूतकाळात, चौथं थोडं अलीकडच्या भविष्यात. असं करत करत झोका 'आज'वर येऊन थांबणार होता.

सालाप्रमाणे लावलंत तर 'भविष्य' हे प्रकरण सगळ्यात शेवटी जाईल. ते दुसरं आहे यातच सगळी गंमत आहे. ३४०४ मध्ये माणसं जमिनीखालच्या पाच शहरांत राहतात आणि कारभार संगणकांच्या हाती असतो. दोन शहरांच्या संगणकांचं एकमेकांशी पटत नाही, युद्ध होतं, सगळं संपतं. मासातो नावाचा एकच माणूस उरतो आणि त्याला मरणच नाही. पुढे जीवसृष्टी नव्याने उगवेपर्यंत तो ताटकळत बसतो, आणि गोष्ट फिरून 'पहाट' जिथे सुरू होते तिथे येते. हे दुसऱ्याच खंडात कळलं की पुढचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या नजरेने वाचलं जातं. आठव्या शतकातला कोणी मूर्तिकार जिवाचं रान करतोय आणि या सगळ्याचं शेवटी काय होणार ते फक्त आपल्याला ठाऊक.

दुसरं कारण रोबिता. 'भविष्य'मध्ये डॉ. सारुतांकडे हा बेढब, जुनाट यंत्रमानव दिसतो. त्याची चाल, त्याचं बोलणं जरा जास्तच माणसासारखं. का, ते तिथे कळत नाही. उत्तर 'पुनरुत्थान' या प्रकरणात आहे. 'भविष्य' १९६७-६८ चं, 'पुनरुत्थान' १९७०-७१ चं. तेव्हाच्या वाचकांनी तीन वर्षं वाट बघितली, तुम्ही तीन खंड थांबा. तुमच्या वहीच्या क्रमाने उत्तर आधी आणि कोडं मागाहून असं होईल.

रिकामटेकडा:
सालाप्रमाणे वाचण्याचा उद्योग मी करून चुकलोय, त्यामुळे बोलण्याचा अधिकार आहे. अर्ध्या वाटेपर्यंत मजा आली हे कबूल करतो. पहाट, यामातो, नारा, मग बाराव्या शतकातली तायरा-मिनामोतो घराण्यांची 'यादवी', मग पंधरावं शतक. जपानचा इतिहास ओळीने डोळ्यांसमोरून जातो. 'यादवी'त सत्ताधीश कियोमोरीला अमरत्वासाठी अग्निपक्षी हवा असतो आणि त्याच्या पदरात पडतो साधा मोर. आपल्याकडच्या वाचकाला तिथे जास्तच हसू येतं.

घोडं अडलं ते 'सूर्य'पाशी. त्यात सातवं शतक आणि एकविसावं शतक आलटून पालटून येतात. काही पानं ६६३ च्या लढाईनंतरची, काही पानं भविष्यातली. हे कुठे ठेवणार? पुस्तक कापून दोन जागी लावायचं का? 'पुनरुत्थान'ही तसंच, २४८२ पासून ३३४४ पर्यंत पुढे-मागे उड्या मारतं. त्यामुळे सालाचा क्रम मुळात जमतच नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तळटीप यांना +१.

(एक मजा. 'सूर्य' १९८६ ते ८८ मध्ये लिहिलं. त्यातलं 'भविष्य' एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे आपल्यासाठी तेही आता ऐतिहासिक प्रकरणच.)

कोबेचा काका:
बाराव्या खंडाचं मी सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, चहा घेऊन बसा.

तेझुकांनी अग्निपक्षी पहिल्यांदा काढला १९५४ साली, 'मांगा शोनेन' नावाच्या मासिकात. प्राचीन जपानची गोष्ट जेमतेम रंगात येतेय तोवर १९५५ मध्ये मासिकच बंद पडलं. खाली 'क्रमशः' आणि पुढचा अंक नाही! पुढे १९५६-५७ मध्ये 'शोजो क्लब' या मुलींच्या मासिकात त्यांनी पुन्हा हात घातला. या वेळी जपान सोडून इजिप्त, ग्रीस, रोम. तुमच्या बाराव्या खंडात या शोजो क्लबच्या कथा आहेत. काढल्या आधी, पण पुढे जो मोठा आराखडा झाला त्यात त्यांना जागा नाही, म्हणून शेवटी जोडल्या आहेत. आधी वाचल्या किंवा नाही वाचल्या तरी पुढचं काही अडत नाही.

आज आपण ज्याला अग्निपक्षी म्हणतो तो १९६७ पासूनचा. तेझुकांनी स्वतःच्या कंपनीतर्फे 'कॉम' हे मासिक काढलं आणि 'पहाट' नव्याने, पहिल्या चित्रापासून सुरू केलं. स्वतःचंच मासिक, त्यामुळे संपादकाची कटकट नाही. पहाट, भविष्य, यामातो, अवकाश, होओ, पुनरुत्थान, हागोरोमो, अशी ओळीने प्रकरणं आली. 'मायभूमीची ओढ' सुरू झालं आणि कॉमही गुंडाळलं गेलं. १९७३ मध्ये तेझुकांची मुशी प्रॉडक्शन ही कंपनीच दिवाळखोरीत गेली.

पुढे १९७६ मध्ये 'मांगा शोनेन' याच नावाचं पण निराळ्या प्रकाशकाचं मासिक निघालं आणि पक्षी तिथे उतरला. 'ओढ' पुन्हा नव्याने सुरू केलं, मग यादवी, जीवन, विचित्र जीव. १९८१ मध्ये तेही मासिक बंद. आमच्या इथला एक जुना पुस्तकवाला म्हणायचा, हा पक्षी स्वतः राखेतून उठतो पण ज्या मासिकावर बसतो त्याची राख करतो. शेवटचं 'सूर्य' कादोकावा प्रकाशनाच्या 'यासेई जिदाई' मासिकात आलं आणि ९ फेब्रुवारी १९८९ ला तेझुका गेले. वय अवघं साठ.

त्यांच्या डोक्यात पुढचं होतं. 'भूमी' नावाचं प्रकरण ते १९३८ च्या सुमारास, चीन-जपान युद्धात बेतणार होते. त्याच्या टिपणांवरून काझुकी साकुराबा यांनी लिहिलेली कादंबरी २०२१ मध्ये आली. आणि अगदी शेवटचं प्रकरण 'आज'चं. ते मी मरताना काढीन असं तेझुका म्हणत. झोका मधोमध यायचा राहिला तो राहिलाच.

ताराराझुका इथून जवळ आहे. तेझुकांचं बालपण तिथलं, संग्रहालयही तिथेच. दारासमोर अग्निपक्ष्याचं शिल्प आहे. पोरांना घेऊन गेलो की धाकटी दरवेळी विचारते, हा कोंबडा कुणाचा.

मीठभाकर:
काका, तोंडात बोट गेलं. म्हणजे 'पहाट' दोनदा सुरू झालं आणि 'ओढ'सुद्धा दोनदा! (ताराराझुका की ताकाराझुका?)

कोबेचा काका:
ताकाराझुका. बोटांचं वय झालं.

शिंपले:
सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून मी जरा वेगळं बोलते. पुण्यात जपानी शिकतेय आणि शिकता शिकता कादोकावाची छोट्या आकाराची आवृत्ती वाचतेय, त्यामुळे वेग गोगलगायीचा. माझा अनुभव असा की 'पहाट'ने सुरुवात केली तर बरेच जण तिथेच सोडून देतात. १९६७ चं चित्रण, मध्येच थिल्लर विनोद, आणि माणसं पटापट मरतात. मी चौथ्या खंडापासून सुरुवात केली. जपानीत 'होओ', इंग्रजीत त्याचं नाव 'कर्म'. मालिकेतलं सर्वांत उत्तम प्रकरण हेच, वाद घाला खुशाल.

एक डोळा, एक हात असलेला गाओ खून-दरोडे करत फिरतो. वाटेत आकानेमारु नावाच्या तरुण मूर्तिकाराला गाठतो आणि त्याचा हातच निकामी करतो. पुढे गाओच्याच हातून मूर्ती घडायला लागतात. अनेक वर्षांनी दोघं तोदाईजी मंदिराच्या छपरावर बसवायच्या राक्षसमुखी कौलांच्या स्पर्धेत समोरासमोर येतात. चांगला कोण, वाईट कोण, हे तोवर पार उलटलेलं असतं. त्या कौलाचं चित्र आलं त्या पानावर मी आगगाडीत होते आणि माझं स्टेशन गेलं.

आणि इतिहासवाल्या ताईंसाठी: तोदाईजीच्या त्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन सोहळा ७५२ साली झाला आणि मूर्तीचे डोळे रेखले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. हे माहीत असलं की ते प्रकरण जरा जवळचं वाटतं.

तळटीप:
'होओ' उत्तम आहे यात वादच नाही. पण शिंपले, गाओचं नाक आठवा. 'पहाट'मध्ये सारुताहिको नावाचा सेनानी आहे, राणी त्याला गांधीलमाश्यांच्या खड्ड्यात टाकते आणि त्याचं नाक सुजून भोपळ्याएवढं होतं. तेच नाक पुढे गाओला, 'अवकाश'मधल्या सारुताला, 'भविष्य'मधल्या डॉ. सारुतांना. ते नाक कुठून आलं हे आधी बघितलेलं असलं, तर ते गाओच्या चेहऱ्यावर दिसतं तेव्हाच पोटात काहीतरी होतं. चौथ्यापासून सुरुवात केली तर तो नुसता एक कुरूप माणूस.

शिंपले:
हे मात्र मानलं. मला ते परत मागे जाऊन कळलं.

बरं, 'अवकाश'बद्दल कोणीच बोललं नाही? यानाचा अपघात होतो, चार जण चार वेगवेगळ्या छोट्या कुप्यांमधून अंधारात भरकटतात, फक्त रेडिओवर बोलणं. तेझुकांनी पानाच्या उभ्या पट्ट्या केल्यात, एका कुपीला एक पट्टी. सगळ्यांचं बोलणं शेजारी शेजारी चालतं. मग एकाचा संपर्क तुटतो आणि त्याची पट्टी काळी होते. पुढची पानं उलटत जा, ती पट्टी काळीच. उरलेले बोलताहेत आणि शेजारी हा काळा पट्टा. १९६९ मध्ये हे सुचलं माणसाला! 'हागोरोमो'सुद्धा बघा, अख्खी गोष्ट नाटकाच्या रंगमंचासारखी. एक पाइनचं झाड, समोरून एकच कोन, शेवटपर्यंत तो बदलत नाही.

रिकामटेकडा:
लेकीबद्दल. तेराव्या वर्षी सरसकट सगळं नको. सहावा खंड, 'मायभूमीची ओढ', बाजूला ठेवा. एका ओसाड ग्रहावर एकटी पडलेली रोमी वंश चालू ठेवण्यासाठी जे करते, ते समजावून सांगताना तुमचीच पंचाईत होईल. २०२३ मध्ये याच प्रकरणावर 'ईडन १७' नावाची अ‍ॅनिमे मालिका आली, चित्रं गोड दिसतात म्हणून फसू नका. रक्तपात तर 'पहाट'पासूनच आहे, पण 'बुद्ध' तिने वाचलं असेल तर तेवढं पचेल. पंधराव्या शतकातली साकोन नो सुकेची गोष्ट तिला नक्की आवडेल. मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी एका भिक्षुणीला मारते आणि मग तिथून तिला बाहेरच पडता येत नाही. पुढचं सांगत नाही, रसभंग होईल.

कोबेचा काका:
लेकीच्या हातात बारावा द्या. मुलींच्या मासिकासाठीच काढला होता.

मीठभाकर:
तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय. काकांचा सल्ला चालला. ती बाराव्यापासून, मी पहिल्यापासून. ती इजिप्त, ग्रीस, रोम उरकून मोकळी झाली आणि आता माझ्या मागे 'भविष्य' वाचतेय. परवा रात्री दार उघडून आत आली, म्हणाली, "आई, मासातो एकटा किती वर्षं थांबला?" म्हटलं, अब्जावधी. "मग तो जेवत काय होता?" इतिहासात एम. ए. करूनही उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

मी 'पुनरुत्थान'च्या मध्यावर आहे. रोबिताचं कळलं. तळटीप, तुमचं ऐकलं ते बरं केलं. वही अजून आहे, पण आता त्यात सालांऐवजी नाकं मोजतेय.

सहावा खंड कपाटात वरच्या फळीवर शालींखाली ठेवलाय. सातवा-आठवा मैत्रिणीलाही मिळाले नाहीत. इंग्रजी आवृत्ती छापणं कधीच थांबलंय आणि जुन्या प्रतींच्या किमती बघून मी पान बंद केलं. कोणाकडे 'यादवी'चे ते दोन खंड वाचायला असतील तर व्यक्तिगत निरोप करा. टपालखर्च माझा, आणि पानं दुमडणार नाही याची हमी.