लष्करी पद्धतीचं वेस्ट आणि ५५ लिटरची सॅक: एकत्र जमतं का?

कारवीतली_वाट

नमस्कार मंडळी. पाऊस सरला की आसनगावहून माहुली आणि डिसेंबरात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, असे दोन मुक्कामी ट्रेक ठरतायत. सॅक ५५ लिटरची, भरल्यावर १२ किलोच्या आसपास, कमरपट्टा रुंद आणि गादीचा. पाण्याचा घोट, टॉर्च, चिक्की, ओआरएस, प्रत्येकासाठी सॅक उतरवली की मागचे सगळे खोळंबतात. म्हणून पुढे घालायचं लष्करी पद्धतीचं वेस्ट घ्यायचंय. तीन पर्याय समोर आहेत.

पहिला, अमेरिकन सैन्याच्या जुन्या 'अ‍ॅलिस' पद्धतीचा सेट: कमरेचा पट्टा, खांद्यावर वाय आकाराचे पट्टे, दोन पाऊच, दोन कॅन्टीन म्हणजे पाण्याच्या लष्करी बाटल्या. दुसरा, पाऊच शिवूनच आलेलं जाळीचं वेस्ट. तिसरा, छातीवर बसणारी चेस्ट रिग, जिच्यावर हवे ते पाऊच लावता येतात.

यातलं काय घ्यावं? त्यात किती वजन घालावं? आणि ते घालून कसारा लोकलमध्ये बसलं तर पोलीस अडवतात का?

घसारा_आणि_घळ

कमरपट्ट्याची सॅक असेल तर अ‍ॅलिस बाद करा. १२ किलोतलं बरंचसं वजन कमरेच्या हाडांवर टेकलं पाहिजे, आणि अ‍ॅलिसचा पट्टा नि त्यावरची कॅन्टीन नेमकी तीच जागा अडवतात. मग सॅकचा पट्टा एकतर वर पोटावर चढतो नाहीतर उघडाच ठेवावा लागतो, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. १९७३ साली ही पद्धत आली तेव्हा तिच्यामागचा हिशेबच वेगळा होता: लढाईचं सामान पट्ट्यावर, राहण्याचं सामान पाठीवर, आणि गरज पडली की पाठीवरचं उतरवून ठेवायचं. आपण दिवसभर दोन्ही अंगावर ठेवतो. शिवाय अ‍ॅलिसचे पाऊच पट्ट्याला पत्र्याच्या सरकत्या क्लिपांनी लागतात. त्या गंजतात, वाजतात आणि वर सॅकचा दाब आला की कमरेला टोचतात.

शिवलेल्या वेस्टची अडचण पाऊचच्या मापाची. ते रायफलच्या मॅगझिनसाठी बेतलेले असतात, उभट आणि अरुंद. लिटरची बाटली त्यात जात नाही, मोठा मोबाईल गेला तरी निघत नाही. आणि जागा बदलायची म्हटली तर उसवण्याशिवाय मार्ग नाही.

तुमच्या कामाची चेस्ट रिग, तीही पाठीवर पूर्ण कापड नसलेली. मागे फक्त एच किंवा एक्स आकारात पातळ पट्टे हवेत. पाठीवर अख्खं कापड, त्यात दोन लिटरचा पाण्याचा ब्लॅडर (नळीने प्यायची पिशवी) आणि त्यावर सॅक असं झालं की सॅक पाठीपासून चार-पाच सेंटिमीटर मागे ढकलली जाते. तेवढ्याने तोल मागे जातो, तो सावरायला माणूस पुढे वाकून चालतो आणि संध्याकाळी कंबर धरते.

खांद्यावरचे पट्टेही जाड गादीचे नकोत. गादीवर गादी आली की सॅकचा पट्टा बाहेर, खांद्याच्या टोकाकडे घसरतो. हाताला मुंग्या येऊ लागल्या तर आधी हे तपासा. रिगचं एकही बकल सॅकच्या पट्ट्याखाली येता कामा नये.

माप असं घ्या. सॅक पूर्ण भरा, पाण्यासकट. आधी नुसती सॅक घालून कमरपट्टा आवळा आणि त्याची वरची कड कुठे येते ती शर्टावर खडूने आखा. सॅक उतरवा, रिग घाला. रिगची खालची कड त्या खुणेच्या तीन-चार बोटं वर राहील इतके खांद्याचे पट्टे आखूड करा. मग रिगवर सॅक चढवा. गुडघा कमरेइतका उचलून पाहा, पाऊचला लागतोय का. मान खाली घालून दोन्ही पायांची बोटं दिसतात का पाहा. पूर्ण श्वास घेऊन छातीचा पट्टा रुततो का पाहा. उकिडवं बसून उठा. हे सगळं जमलं की सोसायटीच्या जिन्याने दहा मजले चढा आणि उतरा. उतरताना जे खटकेल ते डोंगरात हमखास खटकतं. सॅकचा स्वतःचा छातीचा पट्टा पाऊचच्या वरून लागत नसेल तर रिगचे पाऊच आणखी बाजूला सरकवा, तो पट्टा सोडून देऊ नका.

वजन भरल्यावर अडीच किलोच्या आत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो तिथेच गेला. चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू मिळून ३०० ग्रॅम, मोबाईल २००, हेडटॉर्च १००, बँडेज-औषधांची पिशवी २००, ओआरएसच्या चार पुड्या, शिट्टी, नकाशा. रिगचं आणि पाऊचचं स्वतःचं वजन धरलं तर यात फारशी जागा उरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात माहुलीला माणशी चार लिटर पाणी धरा, पण बाकीचं तीन लिटर सॅकमध्ये, पाठीला चिकटून. आणि ओआरएसची मोठी पुडी, साधारण २१ ग्रॅमची, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतली तर द्रावण जास्त खारट होतं आणि त्याने उलट त्रास होतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो: छातीच्या मधोमध कडक वस्तू ठेवू नका. स्टीलची बाटली, पॉवर बँक, चाकू, सगळं बाजूला किंवा सॅकमध्ये. घसाऱ्यावर माणूस तोंडावर पडला की ती वस्तू बरगडीत बसते.

धारावीची_शिलाई

वरच्या उत्तरात पाऊच लावण्याबद्दल राहिलं, ते लिहितो, कारण बहुतेकांचे पाऊच लोंबकळतात ते याच चुकीमुळे.

मॉली पद्धतीच्या, म्हणजे पाऊच हवे तिथे ओवून लावता येणाऱ्या, रिगवर २५ मिमी रुंदीच्या आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांत २५ मिमी अंतर, आणि प्रत्येक पट्टी दर ३८ मिमीवर टाक्याने धरलेली. पाऊचच्या मागेही तशाच पट्ट्या असतात. पाऊचची जीभ आधी रिगच्या पट्टीखालून, मग पाऊचच्या पट्टीखालून, पुन्हा रिगच्या, असं चटई विणल्यासारखं आलटूनपालटून खाली न्यायची. नुसत्या रिगच्या पट्ट्यांतून सरळ ओवली तरी बटण लागतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग चालताना पाऊच पुढे झुकून आपटत राहतो. पाऊच खाली ओढून पाहा. रिगपासून बोटभरही सुटला तर विणकाम चुकलंय.

घेताना कापड ५०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन पुरे, १००० डेनिअर उगाच जड आणि वाळायला उशीर. सुती कॅनव्हासचं जुनं सामान दिसायला दणकट, पण भिजलं की कडक होतं, पाणी धरून ठेवतं आणि इथल्या दमट हवेत बुरशी धरतं.

वेल्क्रोची झाकणं शक्यतो टाळा. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत गवताची कुसळं वेल्क्रोच्या आकड्यांत इतकी बसतात की दुसऱ्या दिवशी झाकण लागत नाही. घेतलेल्या पाऊचला वेल्क्रो असेलच तर त्यावर २५ मिमीचं प्लास्टिकचं साइड-रिलीज बकल शिवून घ्या. स्टेशनबाहेर जे बॅगा दुरुस्त करतात त्यांच्याकडे जाड कापडाचं मशीन असतं. त्यांना तीन गोष्टी सांगा: धागा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, सुती नाही, सुई १८ नंबरची, आणि पट्टी जिथे कापडाला लागते तिथे चौकोन आणि आत फुलीचा टाका. नुसत्या दोन आडव्या शिवणी घातल्या तर ओढ एका रेषेवर येते आणि तिथेच उसवतं. नायलॉनच्या पट्टीचं कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत जातात.

प्रत्येक पाऊचच्या तळाला भोक आणि त्यात धातूची रिंग हवी, नसेल तर बसवून घ्या. नाहीतर पावसात पाऊच पाण्याने भरतो. पट्ट्यांची उरलेली शेपटं गुंडाळून रबराने बांधा, कारवीत तीच अडकतात.

कारवीतली_वाट

खूप उपयोगी. म्हणजे चेस्ट रिग नक्की. आता माहुलीच्या शिडीचं आणि नळीच्या वाटेतल्या रॉक पॅचचं सांगा. आमच्यासोबत दोर आणि हार्नेस (दोराला जोडायचे कमरेचे-मांड्यांचे पट्टे) असतील.

दोर_आणि_डिसेंडर

शिडीवर आणि कातळावर एकच नियम: पोट आणि कातळ यांच्यात काही नको. दहा सेंटिमीटर जाडीचा पाऊच पुढे असला की शरीर तेवढं बाहेर राहतं, पायांवरचं वजन हातांवर येतं आणि पुढची पावठी दिसत नाही. म्हणून मधला पंधरा सेंटिमीटरचा भाग सपाट ठेवा. तिथे फार तर नकाशा. बाटली डाव्या-उजव्या बगलेखाली. कोथळीगडाच्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटातल्या शिड्या, अशा ठिकाणी रुंदीसुद्धा आड येते. दंडाच्या बाहेर पाऊच जाऊ देऊ नका.

दोर लागणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रिग काढून सॅकमध्ये टाका. हार्नेसचा बिले लूप, म्हणजे पुढची दोर जोडायची कडी, पाऊचखाली झाकला गेला तर कॅरॅबिनरचं (जोडणाऱ्या धातूच्या आकड्याचं) लॉक फिरलंय की नाही हे जोडीदाराला दिसत नाही, आणि लॉक बघणं हे दोघांचं काम आहे. डिसेंडरवरून (दोरावर उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनावरून) उतरताना पट्ट्याचं शेपूट किंवा पाऊचचं झाकण दोराबरोबर डिसेंडरमध्ये ओढलं जातं. मग माणूस कड्यावर लटकून राहतो. तिथून सोडवायला दुसरा दोर लागतो.

काही रिगच्या पाठीवर मानेजवळ एक हँडल असतं. ते जखमी माणसाला जमिनीवरून ओढायला दिलेलं असतं, लटकायला नाही. त्यात किंवा मॉलीच्या पट्ट्यांत कधीही दोर, स्लिंग किंवा सेफ्टीचा कॅरॅबिनर अडकवू नका. पडणाऱ्या माणसाचा झटका घेण्यासाठी ते शिवलेलं नसतं. त्यासाठी ईएन १२२७७ शिक्क्याचा हार्नेसच.

पावसाळ्यात ओढा ओलांडतानाही तेच. सॅकचे कमरेचे आणि छातीचे बकल आधी सोडा, म्हणजे पाय घसरला तर सॅक झटकता येते. रिग मात्र सॅकखाली असते, ती पाण्यात लवकर निघत नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ती आधीच सॅकमध्ये जाऊ द्या.

फक्त_सॅक

थोडं वेगळं मत मांडतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर एक मोबाईलचा पाऊच आणि एक अर्ध्या लिटरच्या बाटलीचा, कमरपट्ट्यावर एक चेनचा खिसा, एवढ्याने वरच्या यादीतलं जवळपास सगळं बसतं. छाती मोकळी राहते, घाम कमी, आणि सॅक काढली की सगळं एकदम निघतं. रिगचा खरा उपयोग सॅक नसताना: मुक्कामाच्या गुहेत सॅक ठेवून कोकणकड्यावर जाऊन येणं, किंवा गटाच्या शेवटी चालणारा माणूस, ज्याच्याकडे प्रथमोपचाराचं सामान लगेच हाताशी हवं.

घसारा_आणि_घळ

@फक्त_सॅक, शेवटच्या माणसाबद्दल पूर्ण सहमत. मार्च ते मे मध्ये तर मीही रिग सुचवणार नाही, छातीवर नायलॉन म्हणजे घामाला वाटच नाही. पण खांद्याच्या पट्ट्यावर अर्ध्या लिटरपेक्षा जड बाटली लावली की तो पट्टा एका बाजूला ओढला जातो. एक लिटर पाणी पुढेच हवं असेल तर रिग बरी.

सीएसएमटी_पहाटे

पोलिसांबद्दल. रंगाची निवड इथे सगळ्यात महत्त्वाची. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख किंवा चिन्ह घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू तसा नाही हे खरं, पण ते पहाटेच्या पहिल्या लोकलच्या वेळी प्लॅटफॉर्मवर समजावत बसावं लागू शकतं. त्यामुळे चट्टेपट्टे छापाचं काहीच घेऊ नका. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला दाखवलेल्या नव्या गणवेशाच्या छापाचे हक्क लष्कराने स्वतःकडे नोंदवून घेतले आहेत, तो छाप तर नकोच. करडा, मातकट किंवा सरळ नारिंगी रंग घ्या. नारिंगीचा फायदा धुक्यातही होतो. लष्करी बिल्ले, नावाच्या पट्ट्या काढून टाका.

स्टेशनवर आणि गाडीत रिग घडी करून सॅकच्या वरच्या कप्प्यात. पायथ्याच्या गावात पोचल्यावर घाला. गर्दीच्या डब्यात लोंबते पट्टे दुसऱ्याच्या बॅगेत अडकतात, ते वेगळंच. आणि स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर रिगमध्येही नको नि सॅकमध्येही नको. ज्वलनशील वस्तू घेऊन रेल्वेने जायला मनाई आहे.

शिट्टी मात्र रिगच्या खांद्यावर, तोंड वळवून ओठ पोचतील अशी. संकटाची खूण मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं. गटातल्या सगळ्यांना हे आसनगावला उतरण्याआधी सांगून ठेवा.

कारवीतली_वाट

मध्यभाग सपाट असलेली करड्या रंगाची रिग बघतोय. शेवटचा प्रश्न: होकायंत्र कुठल्या पाऊचमध्ये? आणि धुवायची कशी?

धारावीची_शिलाई

होकायंत्र मोबाईलच्या आणि पॉवर बँकेच्या विरुद्ध बाजूला, आणि वाचताना दोरीने पुढे काढून हात लांब करून धरा. छातीजवळ धरलं तर मोबाईलच्या स्पीकरमधल्या चुंबकाने सुई हलते. ब्लॅडरच्या नळीला चुंबकाची क्लिप असेल तर तीही काढून ठेवा.

धुताना सगळे पाऊच सोडवा. घामाचं मीठ विणलेल्या पट्ट्यांच्या मध्ये साचतं आणि तिथेच कातडी सोलवटते. साध्या पाण्यात थोडी साबणाची पूड, नरम ब्रश, बस. ब्लीच नको, मशीन नको, इस्त्री तर अजिबात नको, आतला पाणीरोधक थर सुटून त्याच्या पापड्या पडतात. सावलीत, पंख्याखाली, पाऊच उलटे टांगून वाळवा. बकलच्या खाचेत माती राहिली तर बकल लागल्याचा आवाज येतो पण दात पूर्ण बसत नाहीत, म्हणून जुन्या टूथब्रशने प्रत्येक खाच साफ करा आणि लावून एकदा जोरात ओढून बघा.