लॉ एन्ट्रन्सच्या हॉलमध्ये सुपरवायझरच डिस्टर्ब करतात तेव्हा काय केलंत? अनुभव सांगा

पुणेरी_मावशी

माझ्या भाचीने यंदा क्लॅट दिली, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा. दोन ते चार पेपर, १२० मिनिटं, १२० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट आणि ते लांबलचक उतारे वाचायचे तेही त्याच मिनिटात, वर चुकलं की पाव मार्क कट. तर तिच्या ब्लॉकमधल्या दोन सुपरवायझर बाई पहिला अर्धा तास कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानाबद्दल बोलत होत्या, कुजबुजत नाही हां, चांगल्या खणखणीत आवाजात, आणि ही पहिल्या बाकावर. घरी आली तेव्हा लीगल रीझनिंगचा उतारा कशावर होता ते आठवेना, पण धाकट्या जावेला साडी हलकी दिली हे पाठ. आम्ही सगळे हसलो आणि मग ती रडायला लागली.

वर गेटवर घड्याळ काढून घेतलं. साधं काट्यांचं. चालतं असं सूचनांमध्ये लिहिलंय, तिने ते छापील कागदावर दाखवलंसुद्धा, तर "मला वरून सांगितलंय". वर्गातलं घड्याळ पावणेअकरावर बंद पडलेलं.

मी विचारलं, अगं बोलली का नाहीस त्यांना? म्हणे बोलण्यात दोन प्रश्न गेले असते मावशी. आता ह्यावर काय बोलणार. तर ज्यांनी क्लॅट, सीईटी, कुठलीही लॉची परीक्षा दिलीय त्यांनी सांगा, तुमच्या वेळी असं झालं तर तुम्ही काय केलंत, आणि नंतर तक्रार करून काही होतं का.

चाळिशीतला_वकील

मी एक्केचाळीसाव्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, बँकेतून दोन दिवस रजा टाकून. तेव्हा १५० प्रश्न होते दोन तासांत, कम्प्युटरवर, निगेटिव्ह मार्किंग नाही. सेंटर गावाबाहेरचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, शेवटचे दोन किलोमीटर वडाप.

बसल्यावर रफ पेपर मागितला तर बाई म्हणाल्या, "लॉला रफ पेपर कशाला? गणित थोडीच आहे." आता गणित नव्हतं हे खरं पण ते गोल टेबलाभोवती आठ माणसं बसलीयत आणि अमुक तमुकच्या उजवीकडे नाही, ते काय डोक्यात सोडवायचं ह्या वयात? मी पेनाने तळहातावर आकृती काढली. दहा मिनिटांनी त्याच बाई माझा हात धरून, "हे काय, कॉपी?" सगळी लॅब माझ्याकडे बघतेय, पोरं वीस-बावीसची, आणि मी केस पिकलेला माणूस हात वर करून बसलोय. शेवटी तो कम्प्युटरवाला पोरगा आला, त्याने हात बघितला आणि म्हणाला मॅडम हा सीटिंग अरेंजमेंटचा प्रश्न आहे. देव भलं करो त्याचं. मग रफ पेपर मिळाला. तीन मिळाले.

मी तिथे वाद घातला नाही पण बाहेर पडायच्या आधी केंद्रप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन कोऱ्या कागदावर लिहून दिलं, सीट नंबर, लॅब नंबर, किती वाजता काय झालं, आणि खाली त्यांची सही आणि शिक्का मागितला. ते म्हणाले मेल करा ना. मी म्हटलं मेलपण करतो, आधी सही द्या. बँकेत वीस वर्षं हेच केलंय, पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. त्या कागदाचं पुढे काही झालं नाही खरं सांगायचं तर, पण मार्क बरे पडले म्हणून मीही मागे लागलो नाही.

गोठलेला_स्क्रीन

काका तुमचा कागद वाया गेला असेल पण आमच्या वेळी तक्रारी कामाला आल्या. मी २०१८ च्या बॅचचा, तेव्हा क्लॅट ऑनलाइन होती, १३ मे ला, २०० प्रश्न १२० मिनिटांत. देशभर बऱ्याच सेंटरवर बोंब होती, लॉगिन होत नाही, स्क्रीन अडकतेय, मधेच मशीन बदलायला लावतायत. माझी स्क्रीन दोनदा अडकली. मी हात वर केला तर सुपरवायझर म्हणाले "माउस हलव". हलवला. "अजून हलव." मग म्हणाले टायमर थांबलाय काळजी करू नकोस, आणि स्क्रीन परत आली तेव्हा टायमर मस्त पळत होता. हे मला अजून आठवलं तरी बीपी वाढतो. हार्डवेअरचा राग नाही, ते बंद पडतंच, पण माहीत नसताना ठामपणे सांगायचं कशाला? "मला माहीत नाही, विचारून येतो" एवढं म्हटलं असतं तर मी तरी आरडाओरडा केला असता.

ते प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. तक्रार निवारण समिती बसली, मशीनच्या लॉगवरून (म्हणजे कधी काय झालं त्याची आपोआप होणारी नोंद) कुणाचा किती वेळ गेला ते काढलं, आणि जूनमध्ये कोर्टाने वेळेच्या हिशोबाने मार्क वाढवून द्यायला सांगितलं. म्हणजे सरसकट नाही, तुम्ही उरलेल्या वेळात ज्या वेगाने सोडवले आणि त्यात किती बरोबर किती चूक, त्या हिशोबाने गेलेल्या मिनिटांचे मार्क. माझ्या सात मिनिटांचे पाचच्या आसपास आले. पाच मार्कांनी तेव्हा रँक केवढा हलायचा ते क्लॅटवाल्यांना सांगायला नको.

आता मुद्दा असा की हे लॉगमुळे झालं. मावशी तुमच्या भाचीचा पेपर ओएमआरवर, म्हणजे कागदावर गोल काळे करायचे, त्या गप्पांचा लॉग कुठे असणार? त्यामुळे तिथल्या तिथे लेखी देणं हाच तुमचा लॉग.

कटिंग_चहा

एक विचारू का, राग मानू नका. पुढे कोर्टात उभं राहायचंय ना? तिथे काय शांतता असते का, मागे दहा वकील बोलत असतात, पंखा खडखडतोय, शिपाई हाका मारतोय. दोन बायकांच्या गप्पांनी पेपर जातो?

जर्सीकरीण

@कटिंग_चहा कोर्टात प्रत्येक वाक्याला ३५ मिनिटांचं घड्याळ उलटं चालत नसतं.

मी इथे न्यू जर्सीत एलसॅट दिली, इथल्या लॉ स्कूलची एन्ट्रन्स, घरून. चार सेक्शन, प्रत्येकी ३५ मिनिटं, दुसऱ्यानंतर दहा मिनिटांची सुट्टी. प्रॉक्टर कॅमेऱ्यातून बघत असतो. सुरुवातीला खोली दाखवताना भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावलं, संकष्टीच्या तारखांमध्ये मी काय लपवलं असेल देव जाणे. ते ठीक, नियम असतील. पण रीडिंग सेक्शन चालू असताना चॅटची खिडकी उघडायची, "प्लीज ओठ हलवू नका." मला पुटपुटत वाचायची सवय आहे, लहानपणी आजीबरोबर पोथी वाचून लागलेली, आवाज नाही नुसते ओठ. बंद केलं. परत खिडकी, "प्लीज स्क्रीनकडे बघा." अहो विचार करताना माणूस छताकडे बघतो! तिसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली, सासूबाईंना मी हजारदा सांगितलं होतं, तर "खोलीत दुसरं कोणी आहे का?" आणि परत अख्खी खोली दाखवा. हे सगळं होताना टायमर चालू.

कुकर आमची चूक, मान्य. बाकीचं नाही. मी त्याच संध्याकाळी तक्रार लिहिली, भावना वगैरे काही नाही, फक्त कुठल्या सेक्शनमध्ये कितव्या प्रश्नाच्या आसपास किती वेळा मेसेज आला ते. रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच असतं त्यामुळे ते पडताळू शकतात. त्यांनी परत परीक्षा देऊ दिली, फुकट. आता २०२६ च्या ऑगस्टपासून बहुतेकांना सेंटरवर जाऊनच द्यावी लागणार आहे असं जाहीर झालंय. घरून नको रे बाबा म्हणणारी मी, आता सेंटरवरचं वाचून तेही नको वाटतंय.

वायफाय_गेलं

घरून परीक्षेवरून आठवलं. २०२० ला कोविडमध्ये क्लॅट पुढे पुढे जात होती तेव्हा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने स्वतःची वेगळी एनलॅट काढली, १२ सप्टेंबरला, घरून, ४० प्रश्न ४५ मिनिटं. आमच्याकडे कोल्हापुरात ऐन वेळी लाइट गेली, मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कशीबशी दिली. १४ तारखेला काहींची परत झाली. आणि २१ ला सुप्रीम कोर्टाने ती परीक्षाच रद्द केली, क्लॅटनेच अ‍ॅडमिशन द्या म्हणून. २८ ला क्लॅट. मी आईला सांगितलं ती परीक्षा झालीच नाही असं समज, तर म्हणे मग इन्व्हर्टर घेतला तो परत करायचा का.

ब्लॉक_नंबर_सात

मी दुसऱ्या बाजूची. ज्युनिअर कॉलेजला शिकवते, अशा परीक्षांना सुपरवायझर म्हणून रविवारी जाते. गप्पा मारणाऱ्या बायकांची बाजू घेणार नाही, मीही एकीला बाहेर काढलंय.

पण काही गोष्टी आमच्या हातात नसतात. पेपर चालू असताना सह्या घेत फिरायचं, हॉल तिकिटावरचा फोटो चेहऱ्याशी ताडायचा, हे आम्हाला दिलेलं काम आहे. मूल उताऱ्यात बुडलेलं दिसतं आणि आम्ही खांद्यावर टकटक करून सही कर म्हणतो. मी शक्यतो पान उलटेपर्यंत थांबते. घड्याळाचं म्हणाल तर गेटवर झडती घेणारी पोरं बाहेरची, त्यांना प्रत्येक परीक्षेचे नियम वेगळे असतात हे कुणी सांगितलेलंच नसतं, ती सरसकट सगळं काढून घेतात. गेटवर हुज्जत घालू नका, आत आल्यावर सुपरवायझरला सांगा, मी दोनदा मुलांची घड्याळं परत आणून दिलीयत.

आणि लेखीच द्या. तोंडी सांगितलेलं आमच्या रिपोर्टमध्ये जात नाही, कारण "विशेष काही नाही" हे काही ठिकाणी पेपर सुटायच्या आधीच लिहून ठेवलेलं असतं. मी बघितलंय. विद्यार्थ्याचा कागद जोडलेला असला की ते वाक्य खोडावं लागतं.

पुणेरी_मावशी

धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री मेलचा मसुदा केला, वेळा भाचीला विचारून लिहिणार होते. ती म्हणे वेळ मला कशी कळणार, घड्याळच नव्हतं.

ब्लॉक_नंबर_सात

हे वाचून कसंतरीच झालं. आमच्याकडे आता परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्वतः सगळ्या ब्लॉकमधली घड्याळं बघते. मागच्या वेळी अकरापैकी चार बंद होती. सेल मीच आणले, बिल ऑफिसात दिलंय, अजून पास व्हायचंय.