संतोष आणि तप हे दोन नियम एकत्र कसे पाळावेत?

प्रश्न:
पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात, म्हणजे दुसऱ्या भागात, (२.३२) शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम सांगितले आहेत. चातुर्मासात मी एकभुक्त राहते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवते. परंतु दुपार उलटली की चिडचिड होते आणि घरातल्यांवर आवाज चढतो. आहे त्यात समाधान मानणे म्हणजे संतोष आणि स्वतःला कसाला लावणे म्हणजे तप असेल, तर हे दोन्ही एकाच वेळी कसे साधावे?

उत्तर १:
योगसूत्रांवरील व्यासभाष्य या टीकेनुसार, जवळ असलेल्या साधनांहून अधिक काही मिळवण्याची इच्छा नसणे म्हणजे संतोष. तो साधनांविषयी आहे, प्रयत्नांविषयी नाही. त्यामुळे तपाशी त्याचा विरोध येत नाही. भूक-तहान, थंडी-ऊन अशी द्वंद्वे सहन करणे हे तप खरे, पण साधनपादाच्या पहिल्याच सूत्राच्या भाष्यात (२.१) त्याची मर्यादाही घातलेली आहे: चित्ताची प्रसन्नता बाधित होणार नाही, इतकेच तप आचरावे. आपली प्रसन्नता रोज भंगत असेल, तर संध्याकाळी दूध किंवा फळे घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

उत्तर २:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र चिडचिड झाली की लगेच व्रत सैल करावे, असे मला वाटत नाही. यम-नियमांच्या आड येणारे विचार उठले की प्रतिपक्षभावना करावी, म्हणजे त्यांच्या विरुद्ध विचार मनात आणावा, असे सूत्र २.३३ सांगते, तो अभ्यास आधी मनापासून करून पाहावा. शिवाय गीतेच्या १७व्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन अशी तपाची तीन अंगे आहेत. तेथील शारीर तपात उपवासाचा उल्लेखच नाही, अहिंसेचा आहे. आणि वाङ्मय (म्हणजे वाणीच्या) तपाचे पहिले लक्षण म्हणजे समोरच्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. घरात चढणारा आवाज हाच आपल्या तपाचा विषय का मानू नये?

उत्तर ३:
मधुमेह असल्यास किंवा नियमित औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकभुक्त राहू नये.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. संध्याकाळी ताक घेतले तर व्रत मोडते का?

उत्तर १:
सूत्रांत याचे उत्तर नाही. तो आपल्या कुळाचाराचा आणि केलेल्या संकल्पाचा प्रश्न आहे. संकल्प करतानाच ताकाची मुभा ठेवता येईल.