बंद पडलेलं घर घ्यावं का?

मी: काल पाहिलेल्या घराचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकलेत. पाच वर्षं बंद होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला ओल आहे, स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा पडलाय, खिडक्या सडल्यात. पण खोल्या मोठ्या आहेत, उजेड भरपूर आहे आणि किंमत आवाक्यातली आहे. आम्हा दोघांना मनापासून आवडलंय. सगळ्यांनी स्पष्ट बोला.

दादा: माझा विरोध समज. पहिलंच घर आहे तुमचं. कर्जाचा हप्ता, सध्याचं भाडं आणि दुरुस्ती, तिन्ही एकदम सुरू होणार. दम निघेल का?

आत्या: त्याची भीती खोटी नाही गं. आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा हौसेनं आधी रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. पाणी गच्चीतून येत होतं आणि आम्ही भिंत रंगवत बसलो होतो. सगळं खरवडून पुन्हा केलं, आणि गच्चीचा खर्च वेगळाच.

मोठे काका: भिंतीवर पांढरी पूड दिसतेय ना, ते क्षार. पाणी भिंतीतून बाहेर येतं, वाळतं, क्षार मागे उरतात. मला एवढंच सांग, ओल किती उंच आहे? जमिनीपासून सलग पट्टा आहे की वरून ओघळ आलाय?

मी: सलग पट्टा, कमरेपर्यंत. त्याच भिंतीला बाहेरून मातीचा ढीग लागलाय.

मोठे काका: मग बरंय. माती जोत्याच्या वर चढलीय, त्यामुळे ओल अडवणारा थरच गाडला गेला असणार. माती काढायची, पाणी घरापासून लांब जाईल असा उतार द्यायचा. भिंत मात्र सावकाश वाळते. २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच जाडीला एक महिना हा जुना ठोकताळा, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. तोवर आतून वॉटरप्रूफ रंग अजिबात लावू नकोस, पाणी आतच कोंडेल.

मला काळजी आहे ती स्वयंपाकघराच्या छताची. तिसरा फोटो मोठा करून बघ, सळई उघडी पडलीय. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. जे पडलंय तो नुसता गिलावा नाही. उरलेल्या छतावर हातोडीच्या दांड्यानं हलके ठोकून ऐक. पोकळ आवाज आला तिथेही काँक्रीट सुटलंय.

दादा: हेच म्हणतोय मी. छतच खराब असेल तर घ्यायचं कशाला?

मोठे काका: खराब किती, हे मोजता येतं. स्ट्रक्चरल इंजिनियर रिबाउंड हॅमर मारून काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज घेतो, सळई किती झिजली ते पाहतो. फक्त ठेकेदाराला विचारू नकोस बाळा. जो दुरुस्ती करणार त्यानंच रोग ठरवायचा, हे मला पटत नाही. इंजिनियरची फी वेगळी दे आणि लेखी अहवाल घे.

वहिनी: सॉकेट सगळे दोन पिनांचे दिसतायत. म्हणजे अर्थिंग असण्याची शक्यता कमीच. वायरिंग नवीनच धरा, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच, बसवा. लोखंडी पाइपही आतून गंजून अरुंद झालेले असतात, सगळे नळ एकदम सोडून धार बघा. वायरिंग आणि नळकाम दोन्ही गिलाव्याच्या आधी. नाहीतर नवी भिंत पुन्हा फोडाल.

मी: खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेगही आहे.

मोठे काका: नख आत जातं का? दार चौकटीत अडकतं का? केसासारखी असेल तर गिलाव्याची. रुंद असेल तर टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिही आणि इंजिनियरला दाखव. वाढणारी भेग म्हणजे पाया खचत असू शकतो. तसं असेल तर मीच तुला नको म्हणेन.

आत्या: पैशाचं सांगते. अंदाजपत्रकावर वीस टक्के जास्तीचे बाजूला ठेवा, भिंत फोडली की काहीतरी निघतंच. आणि सगळं घर एकदम करायला जाऊ नका. छत, पाणी, वीज झाली की एक खोली आणि न्हाणीघर पूर्ण करून राहायला जा. भाडं तरी थांबेल. बाकीच्या खोल्या पैसे येतील तशा. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर!

दादा: ठीक. अहवाल हातात येईपर्यंत विसार द्यायचा नाही, एवढं माझं ऐक. आणि दुरुस्तीचा आकडा मालकासमोर ठेवून किंमत पुन्हा बोल. बोलायला मी येतो.

मी: मालकांशी बोलले आत्ताच. रविवारी सकाळी किल्ली देतायत. इंजिनियरही तेव्हाच येतील. काका, तुम्ही याल?

मोठे काका: येतो. टॉर्च, हातोडी आणि शिडी हवी.

वहिनी: शिडी आमच्याकडे आहे.

आत्या: रविवारी पाऊस असला तर बेत रद्द करू नका हं. उलट छत्री घेऊन जा आणि आधी छताकडे बघा.